कांगारू पॉइंटवर कांगारू नसतो

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराच्या नावामागं आमचा भोकरदन तालुका आहे. हे वाक्य मी पिंपळगाव रेणुकाईच्या पारावर पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा मंडळींनी माझ्याकडं काळजीनं पाहिलं. निवृत्त शिक्षकाला दुपारची झोप लागली नाही की असं होतं, असा एकूण सूर होता. एकानं तर घरी कोणी आहे का म्हणून विचारलं.

पण माझ्याकडं पुरावा आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्याच तालुक्यातल्या असईजवळ, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्ली नावाचा इंग्रज सेनापती यांची गाठ पडली. वेलस्ली जिंकला, पण त्याची दीड हजारावर माणसं मेली नाहीतर जखमी झाली. पुढं हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवून आला, आणि तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती असं म्हातारपणी कुणी विचारलं तेव्हा वॉटर्लू सोडून त्यानं असईचं नाव घेतलं. मधल्या काळात स्पेन-फ्रान्सकडच्या लढायांत त्याच्या हाताखाली थॉमस ब्रिस्बेन नावाचा एक अधिकारी होता. वेलिंग्टनच्या शिफारशीवरून तो १८२१ साली न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला. १८२३ साली जॉन ऑक्सली उत्तरेकडं हिंडत एका नदीत शिरला आणि त्यानं साहेबाचं नाव नदीला दिलं. नदीचं नाव मग काठावरच्या वस्तीला लागलं. आता असई झाली नसती तर वेलस्लीचं नाव झालं नसतं, नाव झालं नसतं तर शिफारशीला वजन आलं नसतं, आणि ते शहर आज दुसऱ्याच कुण्या साहेबाच्या नावानं ओळखलं गेलं असतं. तलाठ्याकडं याहून कमी कागदांवर फेरफार होतात.

त्या नदीकाठच्या माणसांचं त्या जागेला आधीपासून एक नाव होतं, मींजिन. ते कुणी विचारलं नाही. आमच्याकडंही साहेबानं असईचं 'असाये' करून टाकलं, तेव्हा ते दुःख आपल्याला नवीन नाही.

तर अशा या आपल्या तालुक्याच्या शहरात माझा भाचा नोकरीला आहे. 'मामा, एकदा या, मामीला घेऊन या' असं तो बरीच वर्षं म्हणत होता. दोन एकर मिरचीचा हंगाम उरकला, आणि आम्ही निघालो.

विमानात एक कार्ड भरायला दिलं. त्यात एक प्रश्न असा, की गेल्या तीस दिवसांत आपण शेतात गेला होता का, जनावरांच्या जवळ गेला होता का. हिनं तो मला मोठ्यानं वाचायला लावला. "मंग काय बंगल्यात होतो का?" ती म्हणाली. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्यामुळं मला 'हो' वर खूण करणं भाग होतं. उतरल्यावर एक बाई हातमोजे घालून आमची वाट पाहत होती. तिनं माझे बूट मागितले, उलटे केले, तळव्याला चिकटलेली पिंपळगावची काळी माती नीट पाहिली, आत नेले, धुतले, पुसले आणि दोन्ही हातांनी परत आणून दिले. लग्नात मेव्हणीनंसुद्धा माझे जोडे इतक्या आदरानं परत केले नव्हते, आणि या बाईनं तर पैसेही मागितले नाहीत. काळ्या मसाल्याचा डबा मात्र तिनं उघडून वास घेतला. तो डबा ज्या वेगानं बंद झाला त्यावरून त्यात जीवजंतू जगू शकत नाही याची सरकारची खात्री पटली असावी.

भाच्याच्या फ्रिजवर यादी चिकटवलेली होती. 'ब्रिस्बेनमध्ये काय काय पाहावं.' मी आयुष्यात कधी यादीनं गाव पाहिलेलं नाही. पंढरपूरला गेलो तर विठ्ठल पाहतो, जालन्याला गेलो तर दुकानं पाहतो. पण परदेशात पाहुण्यानं यादीबाहेर पाहायचं नसतं असं भाचेसुनेच्या चेहऱ्यावरून वाटलं.

यादीत पहिलं नाव कांगारू पॉइंट. हिनं कांगारूसाठी पिशवीत गाजरं घेतली. तिथं गेलो तर उंच कडा, खाली नदी, पलीकडं काचेच्या इमारती. देखावा झकास. पण कांगारू? भाचा म्हणाला, "इथं कुठले कांगारू, मामी. शहराच्या मधोमध आहे हे." ही माझ्याकडं पाहून म्हणाली, "आपल्या पिंपळगावात निदान पिंपळ तरी हाये." गाजरं आम्हीच खाल्ली.

मग समुद्रकिनारा. ब्रिस्बेन नदीकाठी आहे, खरा समुद्र मोरेटनच्या उपसागराकडं, लाटांवर खेळायचं असेल तर गाडीनं दक्षिणेला गोल्ड कोस्ट. पण शहराच्या मधोमध, नदीच्या अगदी काठावर, त्यांनी एक समुद्रकिनारा बांधलेला आहे. हो, बांधलेला. १९८८ साली तिथं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. प्रदर्शन उठलं, जागा मोकळी झाली, आणि १९९२ साली तिथं साउथ बँक नावाचं उद्यान झालं. त्यात वाळू आणून टाकली, माडांसारखी झाडं लावली, निळं पाणी भरलं, पाण्यात क्लोरीन घातलं. बुडू नये म्हणून लाल-पिवळ्या कपड्यातले जीवरक्षकही ठेवले, जे मला जरा अतीच वाटलं. पाणी छातीपर्यंत. पलीकडं दहा पावलांवर खरी नदी वाहते, तिच्याकडं पाठ करून माणसं नकली समुद्रात पोहतात.

आता यावर हसायचं की नाही? मी हसलो नाही. मराठवाड्यातल्या माणसाला समुद्र या विषयावर हसायचा अधिकार नाही. आमच्या जिल्ह्यापासून समुद्र एवढा लांब आहे, की आमची निम्मी पोरं तो आधी सिनेमात पाहतात. नसलेली वस्तू आहे असं ठरवून तिच्यासाठी वाळू आणायची, ही हिंमत आमच्यात नाही. आमच्याकडं वाळू निघते ती फक्त लिलावाला.

नदीबद्दल मात्र मला बोलू द्या. ब्रिस्बेन नदी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांब, गढूळ, चहासारखी तपकिरी. पण तिला बाराही महिने पाणी असतं, आणि हे पाहून मी कठड्याला धरून बराच वेळ उभा राहिलो. आमच्या केळणेला, गिरजेला, पूर्णेला पावसाळ्यात पाणी असतं आणि उरलेलं वर्ष आठवणी असतात. तिथं नदी दिसणाऱ्या घराला जास्त किंमत पडते. १९७४ साली, मग २०११ साली आणि पुन्हा २०२२ साली नदी स्वतःच घरांत जाऊन पाहून आली. तरी किमती उतरल्या नाहीत, असं भाचा म्हणाला. तो अशाच एका घराच्या मागं आहे. मी त्याला सांगितलं, वरच्या मजल्याचं घे.

या नदीत सिटीकॅट नावाच्या बोटी चालतात, १९९६ पासून. दोन सांगाड्यांच्या, पांढऱ्या-निळ्या, झुळझुळ जाणाऱ्या. आणि तिथल्या क्वीन्सलंड राज्याच्या सरकारनं ऑगस्ट २०२४ पासून बस, रेल्वे, बोट, काहीही असो, अंतर कितीही असो, भाडं पन्नास सेंट केलं. आधी प्रयोग म्हणून, मग कायमचं. पन्नास सेंट म्हणजे आपले तीस रुपयांच्या आसपास. हे कळल्यावर हिनं फ्रिजवरची यादी बाजूला ठेवली. रोज सकाळी आम्ही विद्यापीठाच्या धक्क्यावर बोटीत बसायचो आणि हॅमिल्टनपर्यंत जाऊन परत यायचो. भाचा म्हणाला, "मामी, तेच तेच काय पाहता?" ही म्हणाली, "अरे, भोकरदनचा काळी-पिवळीवाला एवढेच पैसे घेतो, टपावर बसवतो, अन् नदी दाखवत नाही."

बोटीतून जाताना स्टोरी ब्रिज डोक्यावरून जातो. १९४० सालचा लोखंडी पूल. पैसे भरले की कमरेला साखळी बांधून लोकांना त्याच्या माथ्यावर चढवतात. आमच्या गावात लाइनमन विजेच्या खांबावर चढतो तेव्हा त्याला महावितरण पगार देतं, तोही वेळेवर मिळत नाही म्हणून तो चिडलेला असतो. इथं माणूस स्वतःच्या खिशातून पैसे भरून चढतो आणि वरून हात हलवतो. आम्हीही खालून हलवला. एवढे पैसे भरलेल्या माणसाचा मान राखायला हवा.

कोआलाचं सांगतो. लोन पाइन नावाचं कोआलांचं अभयारण्य १९२७ पासून तिथं आहे. कोआला म्हणजे अस्वलासारखा दिसणारा पण अस्वल नसलेला, कान केसाळ, नाक मोठं, आणि दिवसातले अठरा-वीस तास झोपणारा प्राणी. फक्त निलगिरीचा पाला खातो. त्या पाल्यात विष फार, सत्त्व थोडं, ते पचवण्यातच त्याची सगळी ताकद जाते, म्हणून तो झोपतो. पूर्वी तिथं तो कडेवर घेऊन फोटो काढता यायचा. २०२४ पासून ते बंद केलं, कोआलाला त्रास नको म्हणून. आता लांबूनच पाहायचा. आम्ही गेलो तेव्हा तो फांदीच्या बेचक्यात झोपलेला होता. अर्धा तास थांबलो. त्यानं एक कान हलवला आणि जमलेली पन्नास माणसं 'आऽऽ' करून उठली. ही म्हणाली, "आपल्याकडं निलगिरीही हाये, झोपणारेही हायेत. तिकीट लावायचं तेवढं राहून गेलं."

यात तिनं पारावरच्या कुणाचं नाव घेतलं ते मी इथं लिहीत नाही.

मोटारीच्या पाट्यांवर क्वीन्सलंडला 'सनशाइन स्टेट' असं लिहिलेलं असतं. म्हणजे सूर्यप्रकाशाचं राज्य. मे महिन्यात जालना जिल्ह्याच्या एसटीवर असं कुणी लिहिलं तर लोक दगड मारतील. आणि त्या उन्हाला ते भितात किती! त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण तिथं जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांत मोडतं, म्हणून शाळेत टोपी नाही तर मैदानावर खेळ नाही असा नियम. १९८१ पासून त्यांच्याकडं एक मोहीम आहे, अंगभर सदरा घाला, मलम फासा, टोपी चढवा. भाचा रोज सकाळी माझ्या तोंडाला, कानांना, मानेला ते पांढरं मलम चोपडायचा. मी म्हटलं, अरे, साठ वर्षं बेचाळीस डिग्रीत काढली, आता या कातड्याला कोण विचारतं? तर म्हणाला, "मामा, हे ऊन वेगळं आहे." उन्हाची जात त्यांनी शोधून काढली, याचं मला कौतुक वाटलं. आमच्याकडं उन्हाचे दोनच प्रकार, फवारणीच्या आधीचं आणि फवारणीच्या नंतरचं.

हिच्या नावावर त्या शहरात जो पराक्रम जमा आहे तो साउथ बँकच्या उद्यानातला. तिथं नदीकाठी सरकारनं सार्वजनिक चुली ठेवल्यात. विजेच्या, सपाट स्टीलच्या तव्याच्या, बटण दाबलं की तापणाऱ्या, आणि फुकट. लोक त्यावर सॉसेज भाजतात. सरकारनं रस्त्याच्या कडेला तापलेला तवा ठेवावा आणि कुणी तो उचलून घरी नेऊ नये, हे पाहून मी थक्क झालो. हिला थक्क व्हायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी ज्वारीचं, बाजरीचं, बेसनाचं पीठ तीळ-लसूण-कोथिंबीर घालून मळून डब्यात भरून आली, आणि तिनं त्या सरकारी तव्यावर धपाटे लावायला घेतले. ओलं फडकं, थापणं, बोटांची भोकं, सगळं साग्रसंगीत. तवा मोठा, एकावेळी चार. वास नदीच्या पलीकडं गेला असेल.

शेजारच्या बाकावर एका गोऱ्या माणसाचा वाढदिवस चालला होता. धिप्पाड, अंगावर गोंदण, हातात बाटली. तो वासाच्या ओढीनं आला. हिनं त्याला गरम धपाटा दिला, वर लोण्याऐवजी जे मिळतं ते, आणि कडेला ठेचा. भाच्यानं इंग्रजीत सावध केलं. तो माणूस म्हणाला की मी तिखट खातो. असं आमच्या गावात येणारा प्रत्येक बाहेरचा माणूस म्हणतो. त्यानं ठेचा चमच्यानं खाल्ला, चटणी नाही तर भाजी असल्यासारखा. दोन क्षण काही नाही. मग तो उठला, कुणाशी काही न बोलता वाळूवरून चालत गेला आणि त्या बांधलेल्या समुद्रात तोंड बुडवून उभा राहिला. जीवरक्षक धावला. त्या दिवशी मला पटलं की तिथं जीवरक्षक उगाच ठेवलेले नाहीत.

पाच मिनिटांनी तो परत आला आणि त्यानं आणखी एक धपाटा मागितला, ठेच्यासकट. माणूस दमाचा.

तेवढ्या गडबडीत एक धपाटा गेला. तो नेला एका पक्ष्यानं. लांब वाकडी चोच, उघडी काळी मान, पांढरं अंग. शराटीच तो, फक्त तिकडचा. तिथं तो कचराकुंड्या उपसतो, टेबलावरचं उचलतो, म्हणून लोकांनी त्याचं नाव 'बिन चिकन' ठेवलंय, कचऱ्यातली कोंबडी. याच कुळातला पक्षी जायकवाडीला येतो तेव्हा पुण्या-मुंबईहून माणसं तोफेएवढ्या लेन्स घेऊन पहाटे चार वाजता चिखलात पालथी पडतात. तिकडं त्याला चप्पल फेकून मारतात. पक्ष्यानंही गाव बघून जन्म घ्यावा.

गाबा मैदान आम्ही बाहेरूनच पाहिलं, पण तिथं मी टोपी काढली. (भाच्यानं लगेच घालायला लावली, ऊन.) १९ जानेवारी २०२१ ला तिथं भारतानं ३२८ धावांचा पाठलाग केला. १९८८ पासून ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर कसोटी हरलेली नव्हती. निम्मा संघ दुखापतींनी घरी बसलेला, कप्तान आपला संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे, पहिल्या डावात सातव्या विकेटला पाय रोवून उभा राहिलेला पालघरचा शार्दूल ठाकूर, आणि शेवटच्या दिवशी नाबाद ८९ ठोकणारा ऋषभ पंत. ते ऐकायला गावात मी टीव्ही नव्हे, मोबाइल कानाला लावून मिरचीत बसलो होतो. आता २०३२ च्या ऑलिंपिकनंतर ते मैदान पाडणार म्हणतात. दुसरं नवं बांधणार. हरलेली जागा पाडून टाकायची ही रीत बरी आहे. आपल्याकडं पानिपतापासून सगळं जपून ठेवलंय.

यादीतलं एक ठिकाण मला कळलंच नाही. माउंट कूट-था. शहराबाहेर एक टेकडी, गाडीनं वर जायचं, आणि वरून ज्या शहरातून आलो ते शहर पाहायचं. तिथल्या मूळ भाषेत त्या नावाचा संबंध मधाशी आहे म्हणे. आम्ही वर कॉफी प्यालो, खाली पाहिलं, भाच्यानं बोटानं त्याचं ऑफिस दाखवलं. एवढ्यासाठी कितीतरी बसगाड्या वर येत होत्या. तेव्हाच मला त्या शहराची कला उमगली. ब्रिस्बेनमध्ये फार काही आहे असं नाही. सिडनीसारखं नाटकगृह नाही, किल्ला नाही, देऊळ नाही, आणि सगळ्यात जुनी इमारत माझ्या पणजोबांच्या पणजोबांपेक्षा लहान. पुन्हा गुन्हा करणाऱ्या कैद्यांना ठेवायला १८२४ साली काढलेली ती वस्ती, म्हणजे काळ्या पाण्यातलं काळं पाणी. पण जे आहे त्याला ते लाजत नाहीत. कडा आहे, पाटी लावा. झाड फुललं, चला पाहायला. ऑक्टोबरात नीलमोहर फुलतो तर अख्खं शहर फोटो काढतं, विद्यार्थी परीक्षा जवळ आली म्हणून घाबरतात, वर्तमानपत्रात बातमी येते. आणि आमच्या गावात कुणी विचारलं, इथं पाहण्यासारखं काय आहे, तर एकमुखानं उत्तर येतं, "काय नाय."

हे मी एका सुपरमार्केटात उभं राहून हिला सांगत होतो, आणि ही ऐकत नव्हती. ती मिरचीसमोर उभी होती. लहान पारदर्शक डबीत दहा-बारा हिरव्या मिरच्या, देठासकट, ओळीनं झोपवलेल्या. किलोचा भाव खाली बारीक अक्षरात. डॉलरमध्ये, दोन आकडी. हिनं बोटांवर हिशेब केला, परत केला, मग मला करायला लावला, मग भाच्याला. मग तिथूनच तिनं गावात आमच्या अडत्याला व्हिडिओ कॉल लावला आणि डबी कॅमेऱ्यासमोर धरली. तिकडं दुपार होती. अडत्यानं भाव ऐकला. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "वहिनी, किती गाड्या पाठवू?"

अडत्याला यात गंमत वाटली नव्हती. पिंपळगाव रेणुकाईचा माणूस मिरचीच्या बाबतीत गंमत करत नाही. आमच्या गावची ओळखच ती. पावसाळी हिरव्या मिरचीची बाजारपेठ म्हटलं की भोकरदन-सिल्लोडकडचा शेतकरी आमच्या गावाकडं गाडी वळवतो. एप्रिल-मेमध्ये मल्चिंग अंथरून ठिबकवर रोपं लावायची, पाण्याचे टँकर विकत घेऊन जगवायची, फुलकिड्यांशी आणि कोकड्याशी लढायचं, आणि जून-जुलैत तोडा सुरू झाला की गोण्या घेऊन बाजार गाठायचा. भाव असा, की आज पोराच्या लग्नाची तारीख काढावी आणि परवा ती पुढं ढकलावी.

मग पुढच्या श्रावणात भाचा सुट्टीवर आला, आणि येताना त्यानं ऑफिसातला एक सहकारी आणला. ब्रिस्बेनचाच, गोरा, उंच, चेहऱ्यावर मलम. पारावर त्याला बसवलं, चहा दिला. त्यानं भाच्यामार्फत विचारलं, "तुमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे?" पारावरच्या सात-आठ जणांनी तोंड उघडायच्या आत मी उठलो. खिशात यादी होती.

पहिल्या दिवशी असई. तिथं गेल्यावर चहूकडं कपाशी आणि सोयाबीन. कठडा नाही, कॉफी नाही. पण मी बोट दाखवलं. हे इथं, म्हटलं, तुमच्या शहराच्या नावाचं मूळ. आणि केळणेचा तो उतार दाखवला. लढाईच्या दिवशी वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं, जवळपास नदी ओलांडायला जागा नाही. त्यानं दुर्बीण लावली तर दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. तो मनाशी म्हणाला, माणसं इतकी समोरासमोर राहतात म्हणजे येण्याजाण्याची वाट असणारच. आणि होती. साहेब हुशार खरा. दोन गावं समोरासमोर असली की सोयरीक असते, उसनवारी असते, भांडण असतं, आणि भांडायला नदी ओलांडावीच लागते. त्यातल्या एका गावाचं नाव इंग्रजांच्या कागदात लिहिलंय पीपलगाव. म्हणजे पिंपळगाव. पाहुण्याचे डोळे मोठे झाले. "तुमचं गाव?" भाचा माझ्याकडं पाहायला लागला. पिंपळगावं महाराष्ट्रात पायलीला पन्नास. नाशकाकडचं बसवंत, जुन्नरचं जोगे, पाचोऱ्याकडचं हरेश्वर. असईच्या काठचं ते निराळंच, आमचं रेणुकाईचं तिथून पार उत्तरेला. पण कांगारू पॉइंटवर मला कुणी कांगारू दाखवला होता? मी पाहुण्याला सांगितलं, "हो."

दुसऱ्या दिवशी भोकरदन. पाहुण्याला वाटलं होतं तालुक्याचं गाव म्हणजे बसस्टँड आणि झेरॉक्सची दुकानं. तसं ते आहेच. पण सातवाहनांच्या काळात ते भोगवर्धन होतं, आणि सांची-भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या यादीत भोगवर्धनची माणसं आहेत. इटलीत पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय बाई सापडली. तशाच घडणीची मूर्ती १९७३ च्या सुमाराला भोकरदनच्या उत्खननात मिळाली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातला माल रोमला जात होता, आणि आता मिरचीची गाडी वाशीला पोचली तरी ड्रायव्हर फोन करून सांगतो. केळणेच्या काठची लेणीही दाखवली. पाहुणा आत शिरला, अंधारात डोकं आपटलं, बाहेर आला आणि म्हणाला की याच्यावर पाटी का नाही? मी म्हटलं, आम्ही लाजतो.

अन्व्याच्या मढावर तो सगळ्यात जास्त वेळ रमला. बाराव्या शतकाच्या आसपासचं देऊळ, बाहेरच्या भिंतीवर विष्णूच्या शक्ती कोरलेल्या आणि आत महादेव. असं कसं, त्यानं विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडं देव एकमेकांत बदली मागून घेतात. राजूरच्या गणपतीला नेलं तर नेमकी संकष्टी, रांगेत तो एकटाच सहा फुटांचा, त्यामुळं हरवायची भीती नव्हती. अजिंठा मात्र मी यादीत शेवटी ठेवला होता. अजिंठा पाहून गेलेल्या माणसाला पुढं काही दाखवायला तोंड राहत नाही. जगभरातून माणसं तिथपर्यंत येतात आणि तिथूनच माघारी जातात. चार गावं पुढं आलं तर आम्ही आहोत.

शेवटच्या संध्याकाळी मिरची बाजार. पाऊस नुकताच उघडला होता, चिखल, पिकअप, ट्रॅक्टर, हमालांच्या आरोळ्या, आणि दिव्यांखाली हिरव्या मिरचीचे ढीग. ज्वलेरी एकीकडं, पिकॅडोर एकीकडं, मजूर बायका गोण्यांची तोंडं शिवताहेत, व्यापारी मूठभर मिरची उचलून देठ पाहताहेत, एक मोडून वास घेताहेत. पाहुणा पहिल्या ढिगापाशी थांबला आणि शिंकला. मग शिंकतच राहिला. डोळ्यांतून पाणी, चेहऱ्यावरचं मलम वाहून गळ्यात. पण हटेना. मोबाइल एका हातात, रुमाल दुसऱ्या हातात, तो गोणीवर चढून फोटो काढायला लागला. आता बाजारातला धंदा थांबला आणि सगळा बाजार त्याला पाहायला लागला. पोरं त्याच्याबरोबर सेल्फी घ्यायला रांगेत उभी राहिली. रांग अन्व्याच्या एका म्हाताऱ्यापासून सुरू झाली होती, हे मी स्वतः पाहिलं.

शेवटी त्यानं डोळे पुसत भाच्याला काहीतरी विचारलं. भाचा हसला आणि अडत्याला म्हणाला, "काका, हे विचारताहेत, इथं आत यायचं तिकीट किती?"

अडत्यानं पाहुण्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, सुपरमार्केटातला तो भाव त्याला आठवला असावा. "आत यायचं काही नाही म्हणावं," तो म्हणाला. "बाहेर जाताना एक क्विंटल घ्यावी लागते."

पाहुण्यानं पाकीट काढलं. भाच्यानं त्याला ते परत खिशात ठेवायला लावलं तोवर हमालानं गोणी काट्यावर चढवलेली होती.